बिननंबरी दावा

शाळेच्या मागच्या दाराशी पोलिसांची गाडी येऊन थांबली, तेव्हा आर्डिस किव्हेला पोरांच्या जेवणाचे हॉटडिशचे, म्हणजे खिमा-बटाट्याचे, ट्रे ओव्हनमध्ये सरकवत होती. दार ढकलून आत आला तो ब्रॉडी. शेरीफच्या खात्यात नुकताच चिकटलेला, आणि त्याआधी सगळं बालपण याच बाईच्या हातचं जेवून वाढलेला. त्याने टोपी काढली आणि स्वतःच्या बुटांकडे बघत उभा राहिला.

"मिसेस के, तुमच्यासाठी कागद आहेत. तुमच्या हातातच द्यायचे असं सांगितलंय. सॉरी हं."

"तू कशाला सॉरी म्हणतोस? तू लिहिलेस का ते?" आर्डिस म्हणाली. "आणि वाळलायस किती! थांब, डब्यात घालून देते थोडं."

अशी ही बाई. घरावर वीज कोसळली तरी आधी विजेला विचारेल, जेवलीस का म्हणून.

गर्दी ओसरल्यावर तिने कोठीत जाऊन कागद वाचले. नॉर्थ स्पार नावाच्या कुठल्याशा वसुली कंपनीने तिच्यावर दावा लावला होता. जुन्या क्रेडिट कार्डाचे चार हजार आठशे डॉलर, त्यावर व्याज, त्यावर वकिलाची फी, सगळं मिळून सात हजारांच्या घरात. एकवीस दिवसांत लेखी उत्तर द्या, नाहीतर निकाल एकतर्फी लागेल.

कार्ड तिचं होतं, खोटं कशाला बोला. निकाल विरुद्ध गेला की पगाराचा चौथा हिस्सा परस्पर कापून नेतात, हेही तिला ठाऊक होतं. तिचा नवरा व्हर्लिन खाणीत होता. खाण बंद पडल्यापासून तो मिळेल ते काम करायचा, आणि घराचा हप्ता जायचा तो आर्डिसच्या पगारातून, तोही अगदी काठोकाठ. पगार कापला की हप्ता चुकणार, आणि हप्ते चुकले की बँक घर घेते. त्यांच्याच रस्त्यावरची तीन घरं तशी गेली होती. त्यांच्या पायऱ्यांवरचा बर्फसुद्धा आता कुणी काढत नाही.

आणि व्हर्लिनला त्या कार्डाचा पत्ताच नव्हता.

कार्ड काढलं होतं ते मुलाच्या बर्फावरच्या हॉकीपायी. खाण पहिल्यांदा बंद पडली तेव्हा डेरिक तेरा वर्षांचा होता आणि बर्फावर असा पळायचा की दुसऱ्या गावची माणसंही उठून उभी राहायची. फी, स्केट्स, बाहेरगावच्या स्पर्धा, मोटेलची भाडी! "यंदा नाही जमायचं," एवढंच बोलून व्हर्लिन तळघरात गेला आणि बराच वेळ वर आला नाही. मग आर्डिसने कार्ड काढलं आणि नवऱ्याला सांगितलं, क्लबने आपली फी माफ केली. तो पडला मानी माणूस. कुणाचे उपकार ठेवायचे नाहीत म्हणून तो दर शनिवारी भल्या पहाटे रिंकवर जायला लागला आणि फुकटात बर्फ घोटायचं यंत्र चालवायला लागला. डेरिक शाळेतून बाहेर पडला, नोकरीला लागला, तरी याचं चालूच. आर्डिस त्याला दर शनिवारी थर्मासमध्ये कॉफी भरून द्यायची.

कार्डाचे हप्ते तिने चार वर्षं भरले. मग खाण दुसऱ्यांदा बंद पडली आणि हप्ते थांबले.

कागद परत वाचताना तिला एक गोष्ट दिसली. वर कोर्टाचं नाव होतं, पण दाव्याच्या नंबराचा चौकोन कोरा. शिक्का नाही, कोर्टातल्या कुणाची सही नाही. आणि ही नॉर्थ स्पार कोण टिकोजीराव? कार्ड तर बँकेचं होतं! हल्ली फोनवरून, पत्रांतून लोकांना गंडवणाऱ्यांचा सुळसुळाट झालाय. चर्चमध्ये दर महिन्याला बजावून सांगतात. ब्रॉडी काय, भोळसट पोरगा, कुणी हातात दिलं की आणून देणार.

तरी खात्री करावी म्हणून तिने कोर्टात फोन लावला. तिथली कारकून मोठी गोड बाई. नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, शोधलं.

"नाही हो, तुमच्या नावावर इथे काहीच नाही."

"नक्की ना?"

"पुन्हा बघते हं. नाही. पाटी कोरी आहे तुमची."

आर्डिसचा जीव भांड्यात पडला. आता मला सांगा, खुद्द कोर्ट नाही म्हणतंय म्हटल्यावर माणसाने आणखी कुणाच्या दारात जायचं? तिने कागद शिवणाच्या टोपलीत तळाशी सारले आणि कामाला लागली.

तिची थोरली बहीण मर्ना तळ्याकाठी एकटी राहायची. वृद्धाश्रमाच्या धुलाईखान्यात नोकरी, जीभ तिखट, आणि अंगणात बापाने बांधलेली साउना, म्हणजे वाफेची खोली. शनिवारी संध्याकाळी दोघी तिथे बसायच्या, हा लहानपणापासूनचा शिरस्ता. बाहेर हाडं फोडणारी थंडी, आत तापल्या दगडांवर पाणी ओतलं की वाफ फुस्सकन वर. साउनेत माणूस खोटं बोलत नाही. अंगावर कपडेच नसतात, लपवणार कुठे?

"अगं, तुला एक गंमत सांगायचीच राहिली," आर्डिस म्हणाली. "मला चोरांनी कोर्टाचे कागद पाठवलेत. इतके मूर्ख, की दाव्याचा नंबर घालायलाच विसरले."

मर्नाने हातातला पाण्याचा डोया खाली ठेवला. "काय म्हणालीस?"

"नंबरच नाही गं! कोर्टात फोन केला मी. ते म्हणाले, काही नाही."

"कधी आले?"

"झाले की अडीच आठवडे. असं का बघतेस?"

"कुठला वार? नीट आठव, आर्डिस."

"सोमवार. शाळेत मीट लोफचा दिवस... नाही, हॉटडिशचा. सोमवारच."

मर्ना बोटांवर दिवस मोजायला लागली. मोजून झाल्यावर ती बाकावरून उठली आणि दारापाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली.

"माझ्या कागदावरही नंबर नव्हता," ती म्हणाली.

आर्डिसला आधी कळेचना. मर्नावर दावा? मर्ना तर पैनपै जपणारी बाई! मग मर्नाने तोंड न वळवताच सगळं सांगितलं. घर गरम ठेवणारी भट्टी बंद पडली तेव्हा कार्डावर नवी घेतली होती. असाच कागद आला, तिनेही असाच कोर्टात फोन केला, तिलाही हेच उत्तर मिळालं, आणि तिने कागद चुलीत घातला. पुढे एका शुक्रवारी पगार कापून आला, तेव्हा कळलं की निकाल लागूनसुद्धा महिना झालाय.

"या राज्यात दावा कोर्टात सुरू होत नाही, बये. कागद तुझ्या हातात पडला की झाला सुरू. कोर्टात ते लोक मागाहून जातात, तू गप्प बसलीस की. तोवर कोर्टाला ओ की ठो माहीत नसतं. मला हे डुलुथच्या वकिलांनी सांगितलं, ते गरिबांचं काम फुकट करतात ना, त्यांनी. पण मी गेले तेव्हा गाडी सुटली होती. चौथा हिस्सा जातोय पगाराचा. अजून वर्षभर जाईल."

"मला का नाही सांगितलंस?"

"लाज वाटली. तू सांगितलंस का मला कार्डाचं?"

आर्डिसच्या अंगावरून घाम निथळत होता, आणि आतून ती गार पडली होती.

"एकवीस दिवस सोमवारी भरतात," मर्ना म्हणाली. "उत्तर सोमवारी टपालात पडलंच पाहिजे. उद्या येते मी."

रविवारी जेवणं आटोपली, व्हर्लिन मासे धरायला गोठलेल्या तळ्यावर गेला, आणि मर्ना आली. सोबत डुलुथच्या वकिलांनी तिला दिलेला उत्तराचा कोरा नमुना. तो तिने टाकून दिला नव्हता. का ठेवला होता कोण जाणे! पण आर्डिसने आधीच एक पत्र लिहून ठेवलं होतं, सुवाच्य अक्षरात. मर्नाने ते वाचलं आणि कपाळाला हात लावला.

"'आदरणीय महोदय, उशीर झाल्याबद्दल क्षमस्व. देणं माझंच आहे. जमेल तसं फेडीन. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल मनापासून दिलगीर आहे.' आर्डिस, सोबत केकही पाठवतेस का?"

"खरं आहे ते लिहिलं."

"हे लिहिलंस की संपलं! त्यांना कोर्टात दुसरं काही दाखवायलाच नको. घराची किल्ली पाकिटात घाल आणि दे पाठवून!"

"पण पैसे मी खर्च केलेत, मर्ना. खोटं कसं लिहू?"

"खोटं लिही कोण म्हणतंय? जे माहीत नाही ते माहीत नाही म्हण. या कंपनीला तू ओळखतेस? नाही. चार हजार आठशेच कसे झाले, माहीत आहे? नाही. शेवटचा हप्ता कधी भरलास?"

"डेरिक शाळेतून बाहेर पडला त्या जूनमध्ये. सात वर्षं होऊन गेली."

मर्नाने टेबलावर थाप मारली. "अशा दाव्याला सहा वर्षांची मुदत असते, पुढे तो टिकत नाही! पण ते तू लिहायचं असतं. तू नाही लिहिलंस तर न्यायाधीश आपणहून सांगत नाही."

एवढ्यात दार उघडलं. व्हर्लिन, हातात मासे, भुवयांवर बर्फ. वारा फार सुटला म्हणून लवकर परतला होता. टेबलावरचा कागद झाकायला आर्डिसचा हात गेला, आणि तिथेच सगळं उघडं पडलं.

त्याने कागद उचलला आणि उभ्याउभ्याच वाचला. सावकाश वाचतो तो.

"हे आपलं आहे?"

"माझं आहे," आर्डिस म्हणाली.

"कशाचं?"

"डेरिकच्या हॉकीचं."

"हॉकीची फी क्लबने माफ केली होती."

"नव्हती केली, व्हर्लिन. मी तुला तसं सांगितलं."

मासे अजून त्याच्या हातातच होते. पाणी फरशीवर गळत होतं. "इतके हिवाळे," तो म्हणाला, आवाज न चढवता, आणि तेच जास्त भयंकर होतं. "इतके हिवाळे मी पहाटे उठून जातोय. क्लबच्या जेवणात सगळ्यांसमोर उभा राहून मी त्यांचे आभार मानलेत. ते एकमेकांकडे बघत होते. मला वाटलं, भरून आलंय त्यांना."

"तुझी मान खाली जाऊ नये म्हणून..."

"गप्प बस." त्याने मासे मोरीत टाकले. "पैसे खर्च केलेत ना? मग द्यायचे. पिकअप विकू, बोट विकू. या घराने कुणाचा सेंट बुडवलेला नाही."

"कुणाला देणार?" मर्ना उसळली. "बँकेने ते देणं केव्हाच बुडीत खाती टाकलं. या गिधाडांनी ते कवडीमोलाने उचललंय, आणि मागतायत सात हजार!"

"मर्ना, हे माझं घर आहे."

"म्हणूनच बोलतेय, मेल्या! राहू दे की तुझंच!"

व्हर्लिनने टोपी घातली आणि तो गेला. पिकअपचा आवाज तळ्याच्या दिशेने विरत गेला. तळ्यावरच्या त्याच्या मासे धरायच्या खोपटात शेगडी होती, बाक होता. रात्र काढता येते तिथे.

आर्डिस रडली. खूप रडली, आणि मर्नाने तिला रडू दिलं. मग नाक पुसून तिने पेन उचललं. तिला व्हर्लिनचा राग आला होता, स्वतःचा तर आलाच होता, पण त्या सगळ्याखाली एक साधी गोष्ट पक्की होती: चार वर्षं तिने त्या बँकेला मुद्दलापेक्षा व्याजच जास्त भरलं होतं, आणि हे घर ती एका कोऱ्या चौकोनापायी जाऊ देणार नव्हती. कार्ड होतं, मान्य. रक्कम, माहीत नाही, पुरावा दाखवा. नॉर्थ स्पारचं देणं, अमान्य. मुदत, संपलेली. शेवटी सही. सगळं मिळून एक पान. एक प्रत कंपनीच्या वकिलासाठी पाकिटात, एक स्वतःजवळ.

सोमवारी सकाळी थंडी अशी पडली होती, की नाकातला श्वास आतच गोठावा. आर्डिसने शाळेतून अर्धी रजा घेतली होती. एल्सबरी गावातलं पोस्ट दुपारी बाराला बंद होतं, आणि घरापासून ते नऊ मैल. तिने गाडीची किल्ली फिरवली. इंजिनाने एकदा कण्हल्यासारखं केलं, मग तेही नाही.

तिने खाली वाकून बघितलं. इंजिन गरम ठेवायची वायर गुंडाळलेलीच होती. लग्न झाल्यापासून ती वायर रोज रात्री व्हर्लिन लावतो. ती लावायची असते हेच आर्डिस विसरून गेली होती.

मर्ना कामावर. शेजारचे सकाळीच गेलेले. व्हर्लिनचा फोन तळ्यावर लागत नाही, तरी तिने चारदा लावला. साडेदहा वाजले. पाकीट कोटाच्या आत छातीशी धरून ती चालायला लागली. वेडेपणाच तो! या थंडीत नऊ मैल चालणारा माणूस पोस्टात नाही, इस्पितळात पोचतो, हे काय तिला कळत नव्हतं? पण घरात बसून घड्याळाकडे बघत राहणं तिच्याने होईना. वळणापर्यंत पोचेतो तिच्या पापण्या चिकटायला लागल्या, बोटं बधिर झाली. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मनात एकच: बारा, बारा, बारा.

मागून इंजिनाचा आवाज आला. पिकअप शेजारी थांबली, आतून दार उघडलं.

"बस," व्हर्लिन म्हणाला.

ती बसली.

"काल मी घराशी परत आलो होतो," तो समोर बघत म्हणाला. "वायर लावायलाच आलो होतो. हातात घेतली, आणि नाही लावली. मुद्दाम नाही लावली."

आर्डिसने बधिर बोटं गाडीच्या हीटरपुढे धरली.

"सकाळी माझी मलाच लाज वाटली. मी अजून चिडलेलोय, बरं का. फार चिडलेलोय. पण असं करायला नको होतं मी."

"मीही नको होतं करायला," ती म्हणाली.

पोस्टात खिडकीपाशी दोन माणसं पुढे होती, आणि पहिल्या म्हातारीला हवापाण्यावर बोलायचं होतं. आपल्याकडे म्हातारीला कोण थांबवणार? सगळे हसतमुखाने उभे. बाराला दहा मिनिटं असताना आर्डिसने पाकीट खिडकीतून आत सरकवलं. "आजचाच शिक्का पडेल ना?" तिने तीनदा विचारलं. पोस्टातल्या माणसाने शिक्का मारून तिला दाखवला. तिने पर्स उघडली, तेवढ्यात व्हर्लिनचा हात पुढे आला.

"पोचपावती पण द्या," तो म्हणाला, आणि पैसे त्याने भरले.

मग सुरू झालं वाट बघणं. ते कुणाच्या वाट्याला येऊ नये. टपालगाडी आली की आर्डिस हातातलं काम टाकून दाराशी जायची, शुक्रवारी पगाराचा कागद दोनदोनदा वाचायची. व्हर्लिन घरात कमी बोलायचा, पण वायर रोज लावायचा. शनिवारी तो रिंकवर गेला नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. तिसऱ्या शनिवारी गेला. तिने नेहमीसारखा थर्मास भरून दिला.

एप्रिलात, अंगणात सगळा चिखल झालेला असताना, कंपनीच्या वकिलाचं पाकीट आलं. फोडायचा तिला धीर होईना. व्हर्लिनने फोडलं, आणि आपल्या सवयीने सावकाश वाचलं.

"दावा मागे घेतलाय."

"नीट वाच."

"नीटच वाचतोय. मागे घेतलाय म्हणतात. कारण दिलेलं नाही. एवढंच आहे." त्याने कागद उलटा करून बघितला. "पुरावा नव्हता बहुतेक लेकाच्यांकडे. किंवा तुझ्या मुदतीला घाबरले."

आर्डिस खुर्चीत बसली आणि तिला हसू फुटलं. घर राहिलं होतं. स्वयंपाकघर, चिखलाचं अंगण, खिडकीची गळकी चौकट, सगळं जागच्या जागी राहिलं होतं. व्हर्लिनने तिच्या खांद्यावर हात ठेवला, जरा वेळ तसाच ठेवला.

ती उठली ती थेट मर्नाकडे. वाटेत केक घेतला. मर्ना नुकतीच कामावरून आली होती. साबणाने तिचे हात लालबुंद झाले होते. तिने चष्मा लावला आणि कागद खिडकीशी नेऊन वाचला. मग पुन्हा वाचला.

"एका पानात पळाले?" ती म्हणाली.

"एका पानात! तू लिहून घेतलंस म्हणून, मर्ना. तू नसतीस तर..."

"छान झालं. फार छान झालं गं." मर्नाने कागद नीट घडी घालून बहिणीच्या हातात दिला. "बस, कॉफी टाकते."

ती ओट्याकडे वळली. नळ सोडला, किटली भरली, भरून वाहायला लागली तरी तिने नळ बंद केला नाही.

"माझ्याही शेवटच्या हप्त्याला तेव्हा सात वर्षं होऊन गेली होती, आर्डिस," ती म्हणाली.

आर्डिस उठली आणि तिने नळ बंद केला. मग नुसती बहिणीला लागून उभी राहिली. कॉफी झाली, केक कापला, दोघींनी खाल्ला. त्या शुक्रवारी मर्नाचा पगार पुन्हा कापून आला.